चौथ्या थराची तपासणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असणार, आणि ओळखूनही पाकीट फोडलं असेल तर ते माझं नशीब. पत्ता भाचीकडून घेतला. तिच्यावर रागावू नका, मीच फार पिच्छा पुरवला. फोन करते म्हटलं तर म्हणाली, "मामी, फोन आई ठेवून देईल. पत्र लिहा. फार तर फाडेल, पण फाडायच्या आधी वाचेल." तोंडाची फटकळ आहे. कुणावर गेली ते सांगायला नको.

आनंदाची गोष्ट आधी सांगते. आपली नखुली सापडली.

आठवते ना? फिल्मच्या खोलीत आपण सगळ्या जणी तिला नखुली म्हणायचो, करंगळीच्या नखाएवढी म्हणून. माझी नात, धाकट्याची मोठी, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, ती आता चिपा बनवणाऱ्या कंपनीत आहे. ती म्हणते मायक्रोप्रोसेसर. म्हणते, "आजी, त्याआधी यंत्राचं डोकं कपाटभर असायचं, शंभर तुकडे एकमेकांना जोडलेले. ते सगळं एका नखात बसवायचं काम जगात चार-दोन ठिकाणी चाललं होतं. त्यातलं एक तुझं." मी म्हटलं, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, लाल सोल.

मग तिला ते समजावण्यात अख्खी दुपार गेली. आता म्हणे सगळं कॉम्प्युटर काढतो. तिला खरंच वाटेना की चिपेचं चित्र आधी पलंगपोसाएवढं असायचं. पारदर्शक फिल्म, तिच्यावर लाल सालीचा पातळ थर. खालून दिवा लावलेल्या टेबलावर ती पसरायची, नकाशा बघून चाकूने रेघा ओढायच्या, नुसती लाल साल कापायची, खालची फिल्म नाही. मग चिमट्याने नको तिथली साल सोलायची. दुधावरची साय काढतो तशी, पण श्वास रोखून. नखुलीला असे सहा थर, म्हणजे सहा पलंगपोस. मग कॅमेऱ्याच्या खोलीत फोटो काढून काढून ते चित्र नखाएवढं करायचं. तिने विचारलं, "आणि चुकलं तर?" मी म्हटलं, म्हणून तर तपासायला तुझ्या आजोबांची बहीण होती.

सांगायचं ते राहिलंच. त्या कारखान्यातलं एक जुनं कपाट उघडलं तर तळाच्या खणात पहिल्या खेपेचा एक नमुना निघाला, डबीत, कापसात. पहिली खेप म्हणजे ती मेलेलीच. पण आता तिचं प्रदर्शन मांडणार आहेत. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून मोठ्ठा छापलाय, भिंतभर, सगळे थर एकावर एक. नातीने मला तिथे नेलं. मी आत शिरले आणि वन्सं, मला वाटलं कुणीतरी मागून म्हणेल, चपला काढ. आपण मोजे घालून फिल्मवर रांगायचो ना. मी खरंच चपला काढल्या. नात म्हणते, "आजी, ही भिंत आहे." असू दे म्हटलं.

भिंतभर आपले हात आहेत. एवढं कळवावं म्हणून लिहिलं. जुनं उकरायला लिहीत नाही. तेव्हा तुम्ही मला काही विचारलं नव्हतं, मीही काही बोलले नव्हते, आणि वर्षं गेली. हे सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा तुमचं कार्ड आलं होतं. अजून जपून ठेवलंय.

तुमची वहिनी


बुधवार, १२ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून बसलेही नव्हते. पण टपालवाल्याची वेळ मला पाठ झाली आहे, साडेदहा ते अकरा, आणि त्या वेळी मी नेमकी दाराजवळच्याच कुंड्यांना पाणी घालते. दोन रोपं जास्त पाण्याने कुजली.

भाचीचा फोन आला. तिच्याकडून तुमच्याबद्दल जे कळलं ते कळायला नको होतं असं वाटलं. ती सहज हसत सांगत होती. "आई पन्नास वर्षांत सुईत दोरा ओवायला बसली नाही. विजेचं बिल आलं तर आधी मी वाचायचं, मग बाबांनी, मग म्हणते, आता बरोबर. गाडी शिकली नाही. कुणी काही दाखवलं की म्हणते, माझ्या डोळ्यांवर जाऊ नका." मी विचारलं, डोळ्यांना काय झालंय. ती म्हणाली, "डॉक्टर तर म्हणतात या वयाला असे डोळे बघायला मिळत नाहीत. आई म्हणते, डॉक्टरला काय माहीत."

फोन ठेवला आणि ती कुजलेली दोन रोपं उपटून टाकली.

मला आठवतात ते तुमचे डोळे. साहेब मंडळी भिंग घेऊन यायची आणि तुम्ही टेबलाला वळसा घालून नुसतं बोट टेकवायचात, इथे. गुडघेसाहेब म्हणायचे, "बाईंना भिंग देऊ नका, फिल्म जळेल." (त्यांच्या पँटला गुडघ्यावर भोकं पडलेली असायची, आपल्याबरोबर रांगून रांगून. सगळ्यात मोठे इंजिनियर, आणि गुडघ्यांना ठिगळं.) मी नवी होते. तुम्हीच मला त्या नोकरीत लावलंत, चिमटा कसा धरायचा तेही तुम्हीच शिकवलंत, आणि घरी आल्यावर भात कसा करायचा तेही तुम्हीच. कारखान्यात तुमचं बरोबर, घरी तुमचं बरोबर. ते असो.

आता जे सांगायचं ते. भिंतीवरच्या त्या फोटोखाली पाटी लागणार आहे. मजकूर नातीने मला वाचून दाखवला. म्हणे जुन्या वहीतून घेतलाय. "चौथ्या थरातील एक तुकडा उलटा राहिल्याने पहिला नमुना निकामी ठरला. तपासनिसाची नजरचूक. तपासनिसास कामावरून कमी करण्यात आले."

नात म्हणाली, "आजी, ही तपासनीस म्हणजे?" मी म्हटलं, बघू उद्या, आता गुडघे दुखतायत. तिने मला घरी आणलं. गुडघे दुखत नव्हते.

प्रदर्शन ८ मार्चला उघडतंय. तोवर पाटी बदलता येते, असं ती म्हणाली. तिला कसा वास लागला कोण जाणे.

वहिनी


गुरुवार, २७ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. एकदा त्यात नुसतं हवापाणीच आलं. एकदा तुमच्या भावाच्या आजारपणावर चार पानं भरली आणि वाचल्यावर कळलं की ती वकिली चालली आहे. म्हणून आता आधी मुद्दा लिहिते.

तो तुकडा मी उलटा चिकटवला. तुमच्या सहीनंतर.

आता कसं ते. तुम्ही चौथा थर दोन दिवस रांगून तपासलात, नकाशावर एकेक चौकोन पेन्सिलीने खोडत. वहीत सही केलीत. मग नियम काय होता, सही झालेल्या फिल्मला कुणी बोट लावायचं नाही, आणि काही निघालं, पडलं, तर फिल्म परत टेबलावर आणि तपासणी पहिल्यापासून. मला सांगितलंत, गुंडाळी करून कॅमेऱ्याच्या खोलीत दे. बोळात माझ्या बाहीचं बटण अडकलं आणि लाल सालीचा एक तुकडा निघून बटणाला लोंबायला लागला. पायमोज्यासारखा तुकडा. घोटा वर, बोटं उजवीकडे.

मी परत फिरायला हवं होतं. पण पुन्हा दोन दिवस तुम्ही रांगणार, गुडघेसाहेब घड्याळ बघणार, आणि तुम्ही सगळ्यांसमोर नाही, घरी, भाजी चिरता चिरता म्हणणार, घाईबाई. मला तेवढं ऐकायचं नव्हतं, बाकी काही नाही. खिशात डिंकाची बाटली होती. बोळातला दिवा लपलप करत होता. रिकामी जागा दिसली, तिथे तुकडा बसवला, दाबला. फिल्म दिली. साल इतकी पातळ की कुठली बाजू वर आली ते बघायचं सुचलंच नाही. मोज्याची बोटं डावीकडे झाली.

काही महिन्यांनी चिपा बनून आल्या आणि एकही बोलेना. गुडघेसाहेब सुया टेकवून बसायचे, पडद्यावर नुसती सरळ रेघ. मग कॅमेऱ्याच्या खोलीतल्या, फोटो उतरवलेल्या काचा काढून शोधायला लागले. मूळ फिल्म तोवर फेकून दिलेली, नाहीतर डिंक दिसला असता. काचेवर फक्त उलटा मोजा, आणि वहीत तुमची सही. सोलणाऱ्या बाईची चूक धरत नाहीत, ती चुकणारच, म्हणून तर वर तपासनीस. तुम्ही एकच वाक्य बोललात, "मी पाहिला तेव्हा सरळ होता." कुणीतरी मागे हसलं. मी नाही. पण मी खालीही बघितलं नाही, समोर भिंतीकडे बघत राहिले, जसं काही तिथे काही लिहिलंय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुम्ही काही विचारलं नव्हतं. ते खोटं लिहिलं. त्याच संध्याकाळी तुम्ही विचारलंत. मी भांडी घासत होते, तुम्ही पुसत होतात. तुम्ही म्हणालात, "घाईबाई, खरं सांग. तुझ्या हातून काही हललं का?" आवाज चढवला नाहीत. विनवल्यासारखा होता. तुम्हाला जाणून घ्यायचं होतं की तुमचे डोळे शाबूत आहेत की नाहीत, एवढंच. मी म्हटलं, "नाही हो वन्सं." आणि ताट तुमच्या हातात दिलं.

तुम्ही ते पुसलंत. मग म्हणालात, "म्हणजे मलाच दिसलं नाही." महिन्याभरात तुम्ही लांबची नोकरी धरलीत, तीही लहान मुलं सांभाळायची, आणि घर सोडलंत. हे मला विचारत राहिले, "ताई का गेली? तुमचं काही झालं का?" त्यांनाही मी सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

हे तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, मूल पाळण्यात होतं, दोघींपैकी एकीची तरी नोकरी टिकायला हवी होती. हे सगळं खरं आहे. पण पुरतं खरं नाही. उरलेलं असं की तुम्ही चुकलात असं सगळे म्हणाले तेव्हा माझ्या आत कुठेतरी बरं वाटलं. एकदा तरी. ते किती वेळ टिकलं म्हणाल तर तुमची पेटी दारातून बाहेर जाईपर्यंत. पण वाटलं.

वन्सं, तुमचे डोळे चांगले होते. तुम्ही पाहिलात तेव्हा मोजा सरळ होता.

वहिनी


रविवार, ९ मार्च

वन्सं,

काल प्रदर्शन उघडलं. मी बोलले.

आधी नातीला सांगितलं होतं, तुम्हाला पत्र टाकलं त्याच दिवशी. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे आजी, किती वर्षं झाली. ती म्हणाली, "तू हे आजोबांनाही सांगितलं नाहीस?" आणि चहा अर्धा टाकून उठली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मग स्वतःच प्रदर्शनवाल्या बाईंना घेऊन घरी आली. बाई भली आहे, पण तिला कागद हवा. म्हणाली, "वहीत एक लिहिलंय आणि तुम्ही दुसरं सांगताय. आम्ही कशावरून मानायचं?" मी म्हटलं, बाई, शहाणं माणूस कशाला खोटं बोलून चूक स्वतःवर ओढून घेईल? ती म्हणाली, "म्हातारपणी लोकांना काहीही आठवतं." नातीला हसू आलं, पण तिने दाबलं.

शेवटी ठरलं की गुडघेसाहेब आले तर त्यांच्यासमोर सांगायचं.

ते आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. भिंतीसमोर खुर्ची लावली. मी चपला काढून जवळ गेले आणि बोटाने दाखवलं, वरून तिसरी ओळ, हा मोजा. बाहीचं बटण, बोळ, डिंक, सगळं सांगितलं. माणसं बरीच होती. माझा आवाज बारीक झाला होता, तर मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा मोठ्याने." मग मोठ्याने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

साहेबांनी खुर्ची आणखी भिंतीजवळ घ्यायला लावली. मग म्हणाले, "डिंक? सहीनंतर?"

"हो साहेब."

"त्या बाईने सांगितलं होतं मला. सरळ होता म्हणाली होती."

"हो."

"मी तिला म्हटलं, वहीपेक्षा तुमची आठवण मोठी नाही." त्यांनी शालीच्या टोकाने तोंड पुसलं. "खोलीतली सगळ्यात चांगली नजर होती ती. हे मला माहीत होतं. माहीत असून मी वहीवर गेलो. वरच्यांना नाव हवं होतं, मी दिलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पन्नास वर्षं हे घेऊन झोपत कशा होतात?" मी म्हटलं, साहेब, झोप चांगली लागायची, तेच तर वाईट आहे.

त्यांनी तिथल्या तिथे कागद मागवला आणि स्वतः लिहून सही केली. प्रदर्शनवाल्या बाईला कागद मिळाला. पाटी काल दुपारीच उतरवली. नवी लागेपर्यंत तिथे नुसते दोन खिळे आहेत.

भिंतीवरच्या फोटोची पुरती छापील प्रत नातीने नळकांड्यात घालून तुमच्याकडे पाठवली आहे, निम्म्या आकाराची. मी तिला म्हटलं, सगळा फोटो पाठव, नुसता मोजा नको. वन्सं कापलेल्या तुकड्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत. तुम्ही स्वतः बघा. माझ्या सांगण्यावर जाऊ नका, ते एकदा करून झालं आहे.

वहिनी


बुधवार, २ एप्रिल

वन्सं,

गेल्या आठवड्यात नळकांडं परत आलं. टपालवाल्याने सही मागितली, माझी सही नीट येईना, तो म्हणाला, "आजी, बसून करा."

भाचीने फोनवर सगळं सांगितलं होतं. "मामी, अकरा दिवस आम्हाला जेवणाचं टेबल मिळालेलं नाही. ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. आईने कपाटातून कुठलं तरी जुनं भिंग काढलंय आणि पेन्सिल घेऊन एकेक चौकोन खोडत बसते. मी मदत करू का विचारलं तर म्हणाली, लांब हो, सावली पडते." ती सांगता सांगता हसत होती आणि मग हसायची थांबली. म्हणाली, "तिने काल चष्मा काढून ठेवला. म्हणाली, याच्याने उलट कमी दिसतं."

मी नातीबरोबर फोटो जमिनीवर पसरला. तुमच्या पेन्सिलीची दोन वर्तुळं. एक मोज्याभोवती. दुसरं खाली डाव्या कोपऱ्यात. आणि चिठ्ठी, वर मायना नाही, खाली नाव नाही, चार ओळी:

"मोजा तुझा. बरोबर सांगितलंस. खालच्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांच्या मध्ये फट हवी होती, तिथे लाल सोलायचं राहिलंय. ते मी पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. ती माझी. पाटीवर दोन्ही लिहायला सांग."

नात दोन दिवस त्या कोपऱ्याला कॉम्प्युटरवर घेऊन बसली. आली ती धावतच. "आजी, दोन्ही खऱ्या. तुझा मोजा सरळ असता तरी ही चिप वजाबाकीत अडखळली असती." गुडघेसाहेबांना फोन लावला. त्यांनी कोपऱ्याची जागा नातीकडून दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "दुसऱ्या खेपेला मोजा सरळ केला, तर तेच झालं. बेरीज यायची, वजाबाकी नाही. कारण कुणाला सापडलं नाही, म्हणून तो अख्खा कोपरा नव्याने काढला. तेव्हा कुठे तिसरी खेप चालली. आमच्या सहा जणांना जे दिसलं नाही ते बाईंना आज दिसलं?" मी म्हटलं, अकरा दिवस लागले. ते म्हणाले, "आम्हाला तर पन्नास वर्षं लागली आणि तरी दिसलं नाही."

सोलायचं राहिलं ते माझ्याच चिमट्याचं, वन्सं. तो कोपरा मीच सोलला होता. पण तुम्ही त्यावरून मला एक शब्द लिहिला नाहीत. तपासनीस म्हणून जेवढं तुमचं तेवढं उचललंत आणि बाकीचं तसंच ठेवलंत. आणि या वेळी, तुम्हीही चुकला होतात हे वाचून, मला बरं वाटलं नाही. मी थांबून नीट बघितलं स्वतःकडे. नाही वाटलं.

प्रदर्शनवाल्या बाई म्हणाल्या, दुसरी चूक लिहायची गरज नाही, ती कुणाला माहीतच नाही. मी म्हटलं, तपासनिसाने लिहायला सांगितलंय. काल पाटी लागली. पहिली ओळ माझी, तुकडा सहीनंतर निघाला आणि सोलणाऱ्या बाईने न सांगता उलटा चिकटवला. दुसरी ओळ, तपासनिसावर ठपका ठेवला तो चुकीचा होता. तिसरी, नमुन्यातला आणखी एक दोष एक्कावन्न वर्षांनी त्याच तपासनिसाने शोधला आणि स्वतःच्या नावावर घेतला. नातीने तिन्ही ओळी मला दोनदा वाचून दाखवल्या. मग मी स्वतः वाचल्या, बोट ठेवून.

चिठ्ठीत तुम्ही मला माफ केलं असं नाही, ये असंही नाही. तेवढं वाचता येतं मला. तरी शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. नात सोबत येईन म्हणत होती, तिला नको म्हटलं. पत्रात सगळं लिहून झालं, पण तुम्ही विचारलं होतंत ते समोर उभं राहून, आणि मी नाही म्हटलं तेही समोरच. त्याचं उत्तर टपालाने पाठवून भागायचं नाही.

भाची म्हणते, अकरा ते एक तुम्ही घरी एकट्याच असता. मी साडेअकराला येते. तुम्ही तोच प्रश्न विचारा.

वहिनी